बत्ती आली की ऐकतो

जानेवारी लागला की आमच्या कॉलेजात प्रोजेक्टवाल्यांची वर्दळ सुरू होते. शेवटच्या वर्षाची मुलं-मुली संख्याशास्त्राच्या स्टाफरूमच्या दाराशी घुटमळतात, "मॅडम, टॉपिक" एवढंच म्हणतात आणि मी खिशातून काढून काहीतरी द्यावं तशा नजरेनं बघत राहतात. बाहेर भिवंडीची थंडी असते. भिवंडीची थंडी म्हणजे सकाळी अंगात स्वेटर आणि जरा ऊन चढलं की तोच स्वेटर कमरेला. पण तेवढ्या वेळात हवेत एक वास येतो. सुताला खळ लावायच्या कारखान्यांतून येणारा, ओलसर, किंचित आंबूस. लूम पुष्कळ बंद पडले, शेडची गोदामं झाली, तरी तो वास अजून अधूनमधून येतो आणि मला माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टच्या जानेवारीत नेऊन सोडतो.

परवा अल्फिया आली. दापोड्याच्या गोदामांत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांपैकी किती टक्के लोकांची कंबर दुखते, हे तिला काढायचं आहे. तिचा भाऊ तिथेच ड्युटीला आहे. "सगळ्यांना थोडंच विचारत बसणार मॅडम," ती म्हणाली. "शंभर जणांना विचारते. समजा पन्नास जण हो म्हणाले, तर सगळ्या दापोड्यात चाळीस ते साठ टक्के. बरोबर ना?"

गणित बरोबर होतं. मी विचारलं, "कुठे उभी राहून विचारणार?"

तिला वाटलं, मॅडम चेष्टा करतायत. "म्हणजे?"

"म्हणजे मुकादमासमोर विचारलंस तर सगळ्यांच्या कमरा ठणठणीत निघतील."

ती हसली आणि गेली. कुठे उभी राहून विचारणार, हा प्रश्न मी दरवर्षी प्रत्येकाला विचारते, आणि दरवर्षी मला माझे बाबा पाठमोरे दिसतात.

बाबा लूमचे जॉबर. लूम बिघडला की दुरुस्त करणारा, नवीन बसवून देणारा माणूस. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना शेड होत्या आणि मधे आमच्यासारखी चार घरं. सगळे त्यांना जनार्दन मास्टर म्हणायचे. लूमचा आवाज हा आमच्या घरातला आवाजच नव्हता. तो होता तो भिंतींसारखा, चुलीसारखा. मामाच्या गावाला, अकलोलीला गेले की मला पहिल्या रात्री झोप यायची नाही. इतकं शांत असायचं की काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. आई तिथलीच, त्या शांततेत वाढलेली. लग्न होऊन ती या खडखडाटात आली आणि पहिलं वर्षभर म्हणे ती कानात कापूस घालून स्वयंपाक करायची.

माझ्या प्रोजेक्टच्या वर्षी, हिवाळ्याच्या सुरुवातीला, आई परसात हौदापाशी शेवाळावरून घसरली. मनगट मोडलं. मी कॉलेजात होते. बाबा घरीच होते, ओटीवर रस्त्याकडे तोंड करून खुर्चीत पेपर वाचत. आईनं हाक मारली. पुन्हा मारली. ते वळले नाहीत. शेवटी शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि त्या धावत आल्या. काकूंनी पुढे जाऊन बाबांना हलवलं, तेव्हा ते दचकून उठले.

हात प्लास्टरमध्ये गेला, आणि घरात एक प्रश्न येऊन बसला. बाबांना हाक ऐकू आली होती की नव्हती?

"मना न्हाय आयकू आली," बाबा म्हणाले.

"कारखान्यात बरी येते," आई म्हणाली. "तिथं येवढ्या आवाजात कामगार कायपण बोलला तरी लगेच उत्तर देतात. आणि घरात बायको पडलीय, वरडतेय, ती आयकू येत न्हाय?"

मीही पाहिलं होतं की. शेडमध्ये शेजारी उभ्या माणसाचा शब्द मला कळायचा नाही, आणि बाबा मात्र तीन लूम पलीकडच्या माणसाशी गप्पा मारायचे. खोटं कशाला बोलू, मलाही आईचंच खरं वाटत होतं. आईचं म्हणणं साधं होतं. हे आजचं नाही. कित्येक वर्षं ती मागून बोलते आणि हे उत्तर देत नाहीत. आधी तिला वाटलं, दमले असतील. मग वाटलं, स्वभाव असेल. आता तिला कळलं होतं की आपण पडलो तरी या माणसाला वळावंसं वाटत नाही. हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती ते भाजी निवडता निवडता, डाव्या हातानं, अगदी सावकाश म्हणाली.

कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर बाबा उसळायचे. लूमचं दुखणं जॉबर आवाजावरून ओळखतो. मास्टरचे कान गेले असं गल्लीत कळलं तर बोलावणार कोण? "सगले तर आयकतात इथं. मनाच काय झालाय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सगळे ऐकतात? मला तिथे एकदम माझा टॉपिक सापडला. आमच्या भागातल्या लूम कामगारांपैकी किती टक्के लोकांना कमी ऐकू येतं? ते प्रमाण मोठं निघालं तर बाबांना म्हणता येईल, तुम्ही एकटे नाही, चला डॉक्टरकडे. आणि आईला म्हणता येईल, बघ, त्यांनी मुद्दाम नाही केलं. आईबापांचं भांडण वर्गमुळाखाली घालून सोडवायचं, असा माझा बेत होता. वय तसंच होतं.

मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. आसपासच्या शेडमधल्या कामगारांची नावं गोळा केली, प्रत्येकाची चिठ्ठी केली, पिठाच्या रिकाम्या डब्यात घालून हलवल्या आणि न बघता शंभर काढल्या. मला त्या चिठ्ठ्यांचं आजही नवल वाटतं. आपण नीट विचार करून, पारखून शंभर माणसं निवडली तर ती आपल्याच पसंतीची निघतात. डोळे मिटून काढली की त्यात सगळा मोहल्ला येतो: तरुण, म्हातारे, आजमगढचे, इथलेच कोकणी मुसलमान, कालपरवा आलेलेसुद्धा.

उत्तर एका आकड्यात येत नाही, हेही मला तेव्हा फार आवडायचं. या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत असा एक पट्टा येतो. मराठी पुस्तकात त्याला विश्वास अंतराल म्हटलेलं, वर्गात सगळे कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणायचे, मी मनात पट्टाच म्हणायचे. पट्टा निम्मा करायचा तर माणसं दुप्पट नाही, चौपट विचारावी लागतात. आणि अल्फियासारखं कोणीतरी दरवर्षी विचारतंच, "मॅडम, पंचाण्णव टक्केच खात्री का? शंभर का नाही?" शंभर टक्के खात्रीचा पट्टाही देता येतो, मी सांगते. तो शून्यापासून शंभरपर्यंत असतो. घरी घेऊन जा.

त्या पंचाण्णवचा अर्थ मला वर्गात कळला नव्हता. तो कळला वज्रेश्वरीच्या जत्रेतल्या रिंगच्या खेळावरून. लहानपणी बाबा मला तिथे न्यायचे. सतरंजीवर साबण, कंगवे, पावडरचे डबे मांडलेले असायचे आणि दोरीमागून रिंग टाकायची. साबण जागचा हलत नाही, हलते ती रिंग. खरा आकडा म्हणजे तो साबण, आपला पट्टा म्हणजे ती रिंग. चांगल्या हातानं शंभर वेळा टाकली तर साधारण पंचाण्णव वेळा साबणाभोवती पडेल, इतकंच तो पंचाण्णवचा आकडा सांगतो. आपण मात्र एकदाच टाकतो, आणि आपल्या साबणावर कापड टाकलेलं असतं. पडली की नाही, हे कोणी कापड उचलून दाखवत नाही. बाबांचा हात चांगला होता. साबण त्यांनी पुष्कळ जिंकले, आणि घरी येऊन आईला देताना प्रत्येक वेळी सांगितलं की विकत आणलाय.

तर मी शेडमध्ये जायचे. जनार्दन मास्टरची मुलगी म्हणून मालक अडवायचे नाहीत. कामगाराच्या समोर उभी राहायचे आणि नेहमीच्या आवाजात तीन शब्द बोलायचे. पानी, धागा, चाय. त्यानं ते माझ्या कानाशी ओरडून परत म्हणायचे. आजूबाजूला लूम चालू. मला वाटलं होतं, अर्धेअधिक गडबडतील. पण छे! एकामागून एक जण हसत, फटाफट, तिन्ही शब्द परत म्हणत होता. चुकले ते अगदी थोडे, तेही नुकतेच गावाहून आलेले, कोवळे. हे मला विचित्र वाटायला हवं होतं. जुने ऐकतात आणि नवे चुकतात, असं कसं? पण पट्टा इतका छान अरुंद येत होता, शून्याला जवळजवळ टेकलेला, की मी त्याच्या प्रेमात पडले होते.

आईनं विचारलं, "काय निघाला तुझा?"

"फारसं कोणाला कमी ऐकू येत नाही आई. शंभरात थोडेच."

तिनं डाव्या हातानं मनगट चोळलं. मग म्हणाली, "म्हंजे आयकली होती हाक."

"आई, असं नाही म्हणता येत त्यावरून."

"येतं," ती म्हणाली. प्लास्टर निघालंच होतं. गरम पाण्याच्या कुंडात हात शेकायला हवा, असं सांगून ती अकलोलीला भावाकडे निघून गेली. कधी येणार, ते सांगितलं नाही. बाबा तिला बसपर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन बराच वेळ पेपर न उघडता ओटीवर बसले.

माझ्या चिठ्ठ्यांपैकी थोड्या उरल्या होत्या. त्यांत युसुफचाचा होते. आमच्या गल्लीतले सगळ्यात जुने विणकर. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, तोंड उघडलं आणि वीज गेली. भिवंडीत वीज जाण्याचं कोणाला काही वाटत नाही. लूम एकेक करत थांबले. पत्र्याच्या शेडला खिडकी नव्हती, होता तो एक दरवाजा, तोही माझ्या पाठीमागे. सगळं अंधुक झालं आणि इतकं शांत, की कुठेतरी बादलीत नळाचा थेंब पडतोय तो ऐकू येत होता. मला वाटलं, बरंच झालं, आता तर आणखी सोपं. मी म्हटलं, "चाचा, पानी. धागा. चाय."

"हां?" चाचा म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं.

"क्या बोलती है?"

मी जोरात म्हटलं. शेजारच्या लूमवर उभा असलेला माणूसही "क्या? क्या?" करायला लागला. कालच त्यानं तिन्ही शब्द धडाधड म्हटले होते. मग चाचांनी हवेत हात हलवला आणि अगदी सहज, पाणी प्यायला थांब म्हणावं तसं, म्हणाले, "अरे बिटिया, रुक जरा. बत्ती आने दे, फिर सुनता हूँ."

बत्ती आली की ऐकतो. अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीनं नाही, आनंदानं. काहीतरी उलगडल्याचा तो आनंद मला पुन्हा तसा कधी झाला नाही. ही माणसं ऐकत नव्हती, बघत होती. त्या खडखडाटात शब्द कानानं कळतच नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं एकमेकांच्या ओठांकडे, हातांकडे बघून बोलायची सवय. ती इतकी मुरलेली, की आपण ऐकत नाही, बघतो आहोत, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. नव्या पोरांना ओठ वाचता येत नव्हते, म्हणून ती चुकत होती. माझ्या चिठ्ठ्या बरोबर होत्या, सूत्र बरोबर होतं, वर्गमूळ बरोबर होतं. मी फक्त चुकीच्या जागी उभी होते. रिंग अगदी सफाईनं टाकली होती, दुसऱ्याच साबणावर. चिठ्ठ्यांच्या नशिबानं किती चूक होऊ शकते, तेवढंच तो पट्टा सांगतो. विचारणाऱ्याची चूक त्याला दिसतच नाही.

त्या शुक्रवारी लूमना सुट्टी होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि मागून बोलायचं. लोकांना गंमत वाटली, मग हळूहळू वाटेनाशी झाली. एकेक जण भिंतीकडे बघत गप्प उभा राहायचा आणि मी बोलून झालंय हे त्याला कळायचंच नाही. नवा पट्टा आला तो पहिल्यापेक्षा कितीतरी रुंद होता, आणि इतका वर, की दोन्ही पट्ट्यांची कुठेच गाठ पडत नव्हती.

रविवारी मी बाबांना घेऊन अकलोलीला गेले. रस्ताभर त्यांना काही सांगितलं नाही. पोचल्यावर बाबा सरळ कुंडाकडे गेले, पायऱ्यांवर बसून पाय गरम पाण्यात सोडले. मी मामाच्या स्वयंपाकघरात आईला गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. वीज गेल्याचं, चाचांचं, भिंतीचं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. नीट ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "हा झाला लोकांचा. ह्यांचा काय?"

आणि मी अडकले. शंभरातले किती, हे मी सांगू शकत होते, तेही अधिक-उणे लावून. पण तिला शंभरातला एकच माणूस हवा होता, आणि तो त्या कितींमध्ये आहे की उरलेल्यांमध्ये, हे जगातला कुठलाच पट्टा सांगत नाही. "माहीत नाही," मी म्हटलं.

आईनं शेंगा बाजूला ठेवल्या, पदराला हात पुसले आणि बाहेर निघाली. मी मागोमाग. कुंडावर वाफ होती, थोडी माणसं पाण्यात बसली होती. बाबा पाठमोरे. आई त्यांच्या मागे, पायरीवर, चार हातांवर जाऊन थांबली. तिनं पदर सारखा केला. मला वाटलं ती "अहो" म्हणेल. ती म्हणाली, "जनार्दन."

माझ्या जन्मात मी तिच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते ते हळदी-लग्नात, उखाण्यात, लाजत. रेशनवर, दवाखान्यात, बँकेत नाव विचारलं की आई मला पुढे ढकलायची. तीच आई, उघड्यावर, परक्या माणसांत, पुन्हा म्हणाली, आता मोठ्यानं, "ओ जनार्दन!"

कुंडातली दोन माणसं वळली. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. बाबा वाफेकडे बघत होते.

आई तशीच उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती, आणि मला कळेना की तिला धरावं की सोडावं. ज्या माणसाला आपण आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली, त्यानं वळू नये, याचा इतका आनंद झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. मग ती खाली उतरली, त्यांच्या पुढ्यात गेली, साडी सावरून समोरच्या पायरीवर बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "हात बरा हाय आता."

"मग चल घरी," बाबा म्हणाले.

डॉक्टरकडे जायला त्यानंतरही वेळ लागला. यंत्र कानात बसायला त्याहून जास्त. बाबा आता निवृत्त आहेत, त्यांच्या ओळखीच्या शेडमध्ये खोक्यांच्या थप्प्या असतात आणि गल्लीत ट्रक उलटे येताना शिट्ट्या वाजतात. आईला मात्र त्या दिवसापासून एक खोड लागली. ती समोरून "अहो" म्हणते. पाठमोरे असले की नाव घेते. उगीचच. पाणी भरता भरता, कपडे वाळत घालता घालता, कोणाला तरी सांगितल्यासारखं. यंत्र आलं तरी ते काही वळत नाहीत, तेव्हा ती म्हणते, "मशीन फुकट घेतला. काय उपेग न्हाय त्याचा."

अल्फिया येऊन गेली त्याच आठवड्यात रविवारी मी घरी होते. बाबा ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसले होते, मांडीवर पेपर. आत आई वाल सोलत होती. ती आतूनच म्हणाली, "जनार्दन, ऊन आलाय वो डोक्यावर." बाबा हलले नाहीत.

मी पुढे जाऊन उकिडवी बसले आणि त्यांच्या कानातलं यंत्र बघितलं. चालू होतं. "बाबा, याची बॅटरी उतरलीय का?"

त्यांनी आत एक नजर टाकली आणि बोट ओठांवर ठेवलं.

"येतं आयकू," ते हळूच म्हणाले. "सगला येतं. पण वळलो तर ती नाव घ्यायची न्हाय मग."

आतून पुन्हा हाक आली. बाबा रस्त्याकडेच बघत राहिले. ऊन खरंच डोक्यावर आलं होतं.